सूर्यकांतरावांचा सांगाडा

आमचे भाऊजी सूर्यकांत आरोंदेकर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गेली एकोणीस वर्षं अल ऐनला राहतात. या एकोणीस वर्षांत त्यांनी घरातल्या एकाही वस्तूला सुखाने मरू दिलेलं नाही. मिक्सर बंद पडला की तो उघडायचा, टोस्टरने धूर सोडला की तोही उघडायचा. उघडताना निघालेले स्क्रू बशीत ठेवायचे आणि बंद करताना त्यांतले तीन उरले की म्हणायचं, "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात."

भाऊजी मूळचे वेंगुर्ल्याचे. एअर कंडिशनिंगच्या डक्टचं काम करणाऱ्या एका कंपनीत ते सुपरवायझर आहेत. कंपनीचं वर्कशॉप दुबईत रास अल खोरला आहे, तिथे ते आठवड्यातून दोन दिवस जातात. उरलेले दिवस अल ऐनच्या साइटवर असतात. माझी बहीण सुचित्रा तिथल्याच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे वाकवून ती घरी येते आणि नवऱ्याला सरळ करायला घेते. त्यांची मुलगी उर्वी दहा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं तरी उत्तर इंग्लिशमध्ये येतं.

मी प्रसन्न, राहतो शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर. भाऊजींच्या प्रत्येक उपक्रमात सामानाची ने-आण माझ्याकडे असते, कारण माझी गाडी मोठी आहे आणि मला नाही म्हणता येत नाही.

ताईचं घर आठ व्हिलांच्या एका कंपाउंडमध्ये आहे. व्हिला म्हटलं की पुण्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर कारंजं येतं. प्रत्यक्षात तीन खोल्या, मागे पत्र्याची शेड आणि पुढे वीस बाय पंधरा फुटांचं अंगण. अंगणात वाळू, थोडी प्लास्टिकची हिरवळ, एक खजुराचं झाड आणि कुंडीतली तुळस. कंपाउंडच्या मुलांनी कधीतरी तिथे हॅलोविन सुरू केलं. एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी भुताखेतांचे कपडे घालून घरोघर जायचं आणि गोळ्या-चॉकलेटं मागायची. ज्यांच्या अंगणात भुतांची सजावट असेल, त्यांच्याकडे आधी जायचं.

२०२३ साली ही मुलं पिशव्या घेऊन भाऊजींच्या दारात आली. भाऊजींना वाटलं, वर्गणी मागायला आलीत. त्यांनी चष्मा लावून विचारलं, "रिसीट बुक कुठे आहे?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग भाऊजींनी आत जाऊन राजगिऱ्याच्या वड्या आणल्या आणि प्रत्येकाला एकेक दिली, वर "चावून खा" असंही सांगितलं. उर्वी दोन दिवस बापाशी बोलली नाही.

म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती बापाला घेऊन दुकानात गेली. मीही होतो. तिथे प्लास्टिकचा एक सांगाडा टांगलेला होता.

"बाबा, धिस वन. प्लीज."

भाऊजींनी किमतीची चिठ्ठी उलटी करून पाहिली. "एकशे एकोणपन्नास दिरहम. म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार रुपये! प्लास्टिकच्या हाडांना!" मग त्यांनी सांगाड्याचा हात वर-खाली केला, कोपर दाबून पाहिलं आणि डॉक्टरने मान हलवावी तशी हलवली. "यात स्क्रूसुद्धा नाही. नुसतं दाबून बसवलंय. मी करतो."

"मी करतो" हे दोन शब्द ऐकले की आमच्या घरात शांतता पसरते. उर्वीने माझ्याकडे पाहिलं. मी चॉकलेटांच्या फळीकडे पाहिलं.

खरी अडचण घरी गेल्यावर निघाली. त्या वर्षी एकतीस ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती.

"दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी दारात भुतं?" ताई म्हणाली. "अहो, त्या दिवशी दारात रांगोळी असते, आकाशकंदील असतो. लक्ष्मी गेटातूनच परत जाईल."

"आमच्या वेंगुर्ल्याला त्याच पहाटे नरकासुर असतो," भाऊजी म्हणाले. "आम्ही पोरं आठ-आठ दिवस खपून करायचो. बांबू, गवत, कागद. असले भयंकर डोळे काढायचे. रात्रभर मिरवायचा आणि पहाटे जाळायचा. आधी भुतं, मग दिवे. क्रम बरोबर आहे."

"आमच्या पुण्यात किल्ला करतात. तुम्हीही किल्ला करा. वर मावळे ठेवा."

"सांगाड्यालाच मावळा करतो."

शेवटी अंगणाची फाळणी झाली. झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप ताईने स्वतःच्या हाताने आडवा टाकला. पाइपापासून दारापर्यंत दिवाळी, पाइपापासून गेटपर्यंत हॅलोविन. सीमा ओलांडायची नाही. तुळस दिवाळीत गेली, खजुराचं झाड भुतांच्या वाट्याला आलं.

मग भाऊजी कामाला लागले. सुरुवात थडग्यांपासून झाली. एसीच्या खोक्यांतलं थर्माकोल शेडमध्ये साठवलेलं होतंच. त्याचे तुकडे कापून, वरून गोल करून, राखाडी रंग दिला. उर्वी म्हणाली, यावर माणसांची नावं लिहितात. भाऊजींना ते पटेना. हातात ब्रश घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. जिवंत माणसाचं नाव लिहिणं अशुभ आणि मेलेल्या माणसाचं लिहिणं वाईट. मग त्यांना सुचलं. त्यांनी घरातल्या गेलेल्या वस्तूंची नावं लिहिली, मुलांना वाचता यावीत म्हणून इंग्लिशमध्ये. त्यांचा अर्थ साधारण असा होता: "मिक्सर. जन्म पुणे, मृत्यू अल ऐन." "इस्त्री. शेवटपर्यंत गरम होती." "टोस्टर. अचानक गेला."

ताई संध्याकाळी हॉस्पिटलमधून आली, तिने ओळीने थडगी वाचली, ब्रश उचलला आणि टोस्टरच्या खाली लिहिलं, "तीन ऑपरेशनांनंतर."

कंपाउंडचा वॉचमन याकूब, साठीचा, पेशावरकडचा. उजव्या पायाने लंगडत तो झाडांना पाणी घालायला यायचा. त्याने अंगणातली थडगी पाहिली आणि कंपाउंडचा पाइप हातात धरून उभा राहिला.

"सर, मिक्सर की भी क़बर?"

"बहुत काम किया उसने, याकूबभाई."

याकूबने विचार केला. "तो फिर ठीक है," तो म्हणाला आणि थडग्यांवर पाणी उडू न देता झाडाला पाणी घालून गेला.

भोपळ्यांचं मात्र जमलं नाही. फुग्यावर खळ लावून कागद चिकटवायचे आणि वाळले की फुगा फोडायचा, असा बेत होता. अल ऐनच्या उन्हात फुगे आधीच फुटले. खळ गव्हाच्या पिठाची होती, त्यामुळे जे दोन भोपळे टिकले त्यांना मुंग्या लागल्या. भाऊजी म्हणाले, "मुंग्यांमुळे जास्त भयानक दिसतायत." ताईने ते दोन्ही भोपळे सीमेपलीकडून झाडूने ढकलून कचऱ्यात टाकले. फाळणीनंतरची पहिली चकमक.

सांगाडा मात्र त्यांनी रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये केला. जेवणाच्या सुट्टीत, जातील त्या दिवशी थोडा थोडा. सव्वीस तारखेला शनिवारी सकाळी मला फोन आला.

"प्रसन्न, इकडे येतोच आहेस ना? येताना वर्कशॉपमधून एक छोटंसं सामान घेऊन ये. कंपनीच्या पिकअपमध्ये घरचं सामान आणलेलं बरं दिसत नाही."

मी गेलो. शटरच्या आत एका खुर्चीवर पावणेसहा फुटांचा सांगाडा पायावर पाय टाकून बसला होता. पांढऱ्या पीव्हीसी पाइपची हाडं, हीट गनने वाकवलेल्या बरगड्या, बागेतल्या दिव्याच्या जुन्या गोल काचेचं डोकं. त्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं.

"हेल्मेट कशाला?" मी वर्कशॉपच्या फोरमनला, मुझम्मिलला, हिंदीत विचारलं.

"सेफ्टी ऑफिसर राउंड पे आया था, सर," मुझम्मिल गंभीरपणे म्हणाला. "बिना हेल्मेट अंदर कोई नहीं बैठ सकता."

सांगाडा डिकीत मावेना. मागच्या सीटवर आडवा घातला तर पाय खिडकीबाहेर यायला लागले. शेवटी मुझम्मिलने त्याला पुढे माझ्या शेजारी बसवलं आणि पायाखाली बसवायच्या दोन लोखंडी प्लेटा त्याच्या मांडीवर ठेवल्या. मी गाडी सुरू केली तशी ती टुंग टुंग वाजायला लागली. प्लेटांच्या वजनामुळे गाडीला वाटत होतं की माणूस बसलाय. दोन किलोमीटर ते सहन केलं. मग कडेला थांबलो आणि त्याला सीट बेल्ट लावला. गाडी शांत झाली.

अल ऐनच्या रस्त्यावर पेट्रोल पंपाशी थांबलो. तिथल्या केरळी माणसाने खिडकीतून वाकून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग शेजारी.

"सर, बहुत दूर से आ रहे हो क्या?" त्याने विचारलं आणि टाकी भरायला गेला.

घरी पोहोचलो तेव्हा भाऊजी गेटवर उभे होते. नवी नवरी उतरवून घ्यावी तसा त्यांनी तो सांगाडा उतरवून घेतला, खजुराच्या झाडाखाली उभा केला, डोक्यात दिवा लावला आणि उर्वीला हाक मारली. पण आधी बाहेर आली ती ताई.

ती कमरेवर हात ठेवून सांगाड्याभोवती एक फेरी मारून आली. ही फेरी मी ओळखतो. लहानपणी माझं प्रगतिपुस्तक ती अशीच पाहायची.

"बरगड्या किती घातल्या?"

"आठ जोड्या. पुरे आहेत की. लांबून कोण मोजतंय?"

"बारा असतात. आणि हा गुडघा पुढेही वाकतो आणि मागेही?"

"दोन्हीकडे वाकला तर चांगलंच ना?"

"अहो, असा गुडघा घेऊन कुणी माझ्याकडे आलं तर मी त्याला हात न लावता सर्जनकडे पाठवीन. आणि हे मणके? हे मोजलेत तरी का?"

त्यावरून दोघांचं जे जुंपलं, ते जेवणानंतरही चाललं. भाऊजींचं म्हणणं, हे भूत आहे, पेशंट नाही. ताईचं म्हणणं, भूत झालं तरी आधी माणूसच होतं ना. शेवटी रविवारभर दोघं शेडमध्ये. ताई पुस्तक उघडून सांगत होती, भाऊजी पाइप कापत होते. बरगड्यांच्या आणखी चार जोड्या, मानेचे सात मणके, पाठीचे बारा, कमरेचे पाच. पाइप जोडायच्या कपलिंगांचे चोवीस मणके झाले. गुडघ्याला भाऊजींनी पितळी बिजागरी लावली आणि वर पाइपचा छोटा तुकडा वाटीसारखा बसवला. ताईने तो वाकवून पाहिला, पुन्हा सरळ केला, पुन्हा वाकवला. "हं," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत नवऱ्याच्या कामाला तिने दिलेली ही सगळ्यांत मोठी शाबासकी असावी, कारण भाऊजी लाजले आणि उगाच हीट गन पुसायला लागले.

ताईने त्याचे खांदे एका रेषेत आणले, मान थोडी मागे घेतली, कंबर सरळ केली. भाऊजींनी उजव्या हाताला गाडीच्या वायपरची जुनी मोटर जोडली. बटण दाबलं की हात हळूहळू वर जायचा आणि खाड्कन खाली यायचा. त्यासाठी लांब वायर टाकून बटण पाण्याच्या टाकीमागे बसवलं.

संध्याकाळी उर्वीला दाखवलं.

"कसा आहे?" भाऊजींनी विचारलं.

"बाबा," ती जपून म्हणाली, "ही लुक्स... हेल्दी."

ते खरंच होतं. एवढा ताठ, एवढा निरोगी सांगाडा मी पाहिला नव्हता. बघून भीती वाटायच्या ऐवजी आपणच सरळ उभं राहावंसं वाटायचं.

माझी बायको लतिका त्या दिवाळीला माहेरी गेली होती, म्हणून मी बुधवारी दुपारीच सुट्टी टाकून ताईकडे आलो. समोरच्या तीन नंबरच्या व्हिलात दक्षिण आफ्रिकेचं एक कुटुंब राहतं. त्यांच्या अंगणात त्या दिवशी हवेने फुगणारा बारा फुटी राक्षस उभा राहिला होता. त्याच्या पोटात पंखा होता, डोळे लाल होते आणि तो झुलत होता. भाऊजी शिडीवर चढून खजुराच्या झाडाला जाळ्यासारखी दोरी बांधत होते. मी शिडी धरली होती. उर्वी पायरीवर बसून टॅबवर मैत्रिणीशी बोलत होती. आम्ही झाडामागे आहोत हे तिला माहीत नव्हतं.

"डोन्ट कम टू अवर्स फर्स्ट," ती म्हणत होती. "माय डॅड मेड एव्हरीथिंग. इट्स सो एम्बॅरसिंग."

दोरी बांधणारे हात थांबले. मी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने भाऊजी एकेक पायरी उतरून खाली आले, स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि मागे शेडकडे गेले. मी गेलो तर ते बशीतले स्क्रू मोठे-लहान असे वेगळे करत बसले होते.

"भाऊजी, पोरगी आहे हो. तिच्या मनात तसं काही नसतं."

"जावंदे," ते म्हणाले. मन दुखावलं की भाऊजी वेंगुर्ल्याचं बोलतात. मग बशी बाजूला ठेवून त्यांनी जे विचारलं, ते मी त्यांच्या तोंडून ऐकेन असं कधी वाटलं नव्हतं. "प्रसन्न, दुकानातून एखादं विकत आणू या का रे?"

आम्ही गेलो. दुकानात फक्त दिवाळी उरली होती. पणत्या, माळा, मिठाईचे डबे. भुतांच्या फळीवर रबरी वटवाघळांचं एक पाकीट होतं आणि त्यातलंही एक वटवाघूळ कुणीतरी काढून नेलेलं. भाऊजींनी ते पाकीट उचललं आणि किंमत न बघता बिल केलं. गाडीत ते एवढंच म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा बाबांनी मला सदरा शिवला होता. एक बाही लांब होती. मीसुद्धा शाळेत सांगितलं होतं, शिंप्याने बिघडवला म्हणून."

गुरुवारी पहाटे अभ्यंगस्नान झालं. उटणं, सुगंधी तेल, कारीट फोडायला मिळालं नाही म्हणून ताईने पायाखाली काकडीचा तुकडा ठेवला. उर्वी फराळ करून शाळेत गेली. संध्याकाळी सहा वाजता पाइपाच्या अलीकडे रांगोळी, पणत्या, आकाशकंदील, आणि पलीकडे मिक्सरचं थडगं, सात वटवाघळं आणि ताठ उभा सांगाडा. ताई पैठणी नेसून दारात उभी होती. भाऊजी पाण्याच्या टाकीमागे बटणाशी बसले होते.

साडेसहाला मुलं आली. पंधरा-सोळा असतील. आधी तीन नंबरला गेली, तिथून किंचाळ्या ऐकू आल्या. मग आमच्याकडे. उर्वी चेटकिणीच्या टोपीत गेटपाशी उभी होती, मान खाली घालून.

मुलांनी सांगाडा पाहिला. कुणी ओरडलं नाही. एक मोठा मुलगा हसला. भाऊजी टाकीमागे बटणावर बोट ठेवून थांबले होते, मला त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

तेवढ्यात पाच नंबरमधला रुहान पुढे आला. सहा वर्षांचा, एका हाताला प्लास्टर. तो सांगाड्याच्या हाताकडे बघत होता. "व्हेअर इज माय ब्रोकन वन?" त्याने उर्वीला विचारलं.

उर्वीला माहीत नव्हतं. तिने दाराकडे पाहिलं.

ताईच्याने राहवलं नाही. पैठणीचा पदर खोचून ती पायऱ्या उतरली आणि स्वतःच घातलेली सीमा एका ढांगेत ओलांडून भुतांच्या मुलखात गेली. "दाखव तुझा हात. इथे लागलं होतं ना? मग हे हाड. बघ, दोन असतात. हे बारीक आहे ना, ते तुझं मोडलं. आणि हे दुसरं शेजारी उभं राहून त्याला सांभाळतंय." हे सगळं ती इंग्लिशमध्ये सांगत होती. रुहानने सांगाड्याच्या हाताला हळूच बोट लावलं.

"माझा अंगठा मोडला होता," मागून कुणीतरी म्हणालं. "माझा घोटा." "माझ्या डॅडचं पाठीचं ऑपरेशन झालंय, तो कुठला मणका?" बघता बघता मुलं सांगाड्याभोवती दाटली. ताई बरगड्या मोजून दाखवायला लागली आणि मुलं आपापल्या मोजायला लागली. ड्रॅक्युलाच्या वेशातली एक मुलगी पोट धरून म्हणत होती, "आय हॅव ओन्ली नाइन!" उर्वीची मान कधी वर आली ते मला कळलं नाही. पाहिलं तेव्हा ती टोपी मागे सारून ओरडत होती, "वन अॅट अ टाइम, प्लीज! मेक अ लाइन!" ज्या मोठ्या मुलाला हसू आलं होतं त्याला तिने रांगेच्या शेवटी पाठवलं.

समोरच्या राक्षसाचे मालक, ते दक्षिण आफ्रिकेचे गृहस्थ, तेही आले. कॉलेजात रग्बी खेळताना मोडलेलं आपलं गळ्याजवळचं हाड त्यांनी सांगाड्यावर शोधलं आणि मग उर्वीला विचारलं, "हू मेड धिस?"

"माय डॅड," उर्वी म्हणाली. "द नी रिअली वर्क्स. लुक."

आता टाकीमागे बसलेल्या माणसाचं काय झालं असेल? तर त्याने हे ऐकलंच नाही. बटणाची वायर सैल झाली होती आणि भाऊजी खाली वाकून दातांनी तिचं वेष्टन सोलत होते.

मुलं करंज्या आणि चॉकलेटं घेऊन पांगत होती, तेव्हा याकूब आला. इतका वेळ तो गेटच्या कडेला उभा होता. तीन वर्षं त्याचा गुडघा दुखत होता. ताईने दहा वेळा सांगितलं होतं, हॉस्पिटलात ये, बघू. त्याचं उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, बाजी." बाजी म्हणजे त्याच्या भाषेत ताई. आता तो सांगाड्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "बाजी, ये घुटने में दर्द किस जगह होता है?"

ताईने बिजागरी वाकवून दाखवली. वाटी कुठे घासते, आतली गादी कुठे झिजते. "डर किस बात का है, याकूबभाई?"

"मेरे बड़े भाई का पैर काटा था," याकूब म्हणाला. "शुगर में. मुझे लगा, दिखाऊँगा तो..."

"तुम्हारा वो नहीं है. कसरत से ठीक हो सकता है. पर देखना पड़ेगा."

याकूब खाली वाकला आणि पितळी बिजागरी आपल्या बोटांनी उघडून-मिटून पाहायला लागला. नेमकी त्याच क्षणी टाकीमागे वायर जुळली.

सांगाड्याचा हात वर गेला आणि खाड्कन याकूबच्या खांद्यावर पडला.

त्याच्या ओरडण्याने समोरचा बारा फुटी राक्षससुद्धा दचकला असावा. याकूब उडाला आणि गेटपर्यंत धावत गेला. लंगडत नव्हे, धावत. गेटला धरून तो मागे वळला. मग ताई म्हणाली, "देखा? चलता है घुटना."

याकूब आधी छातीला हात लावून उभा राहिला आणि मग असा हसायला लागला की त्याला खुर्ची द्यावी लागली. भाऊजी टाकीमागून धावत आले, तोंडात वायरचा तुकडा, हात जोडून माफी मागायला लागले. "सर," याकूब डोळे पुसत म्हणाला, "आपने पहले मिक्सर को दफ़नाया, अब मुझे भी?" ताईने त्याला पाणी दिलं, दोन करंज्या दिल्या आणि त्याच्याकडून सोमवारची वेळ कबूल करून घेतली. या वेळी तो इन्शाल्ला म्हणाला तेव्हा ताईने घड्याळाकडे बोट दाखवून "नौ बजे" असं जोडलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळी भाऊजी थडगी काढून शेडमध्ये ठेवत होते. उर्वी पाठोपाठ आली आणि इस्त्रीचं थडगं उचलायला लागली.

"बाबा, आय सेड समथिंग मीन अबाउट यू. टु माय फ्रेंड."

"हो का?" भाऊजी म्हणाले. "मला नाही माहीत."

"डोन्ट यू वॉन्ट टु नो व्हॉट?"

"नको. ते थर्माकोल जपून धर, कोपरा तुटेल."

तिने कोपरा जपून धरला. थोड्या वेळाने तिने विचारलं की पुढच्या वर्षी आपण नरकासुर करू शकतो का, आणि त्याला किती मणके असतात. भाऊजींनी आतल्या बाजूला हाक मारली, "सुचित्रा, असुरांना मणके किती?" आतून उत्तर आलं, "बोलणाऱ्याला एक तरी आहे का ते बघा!"

याकूब सोमवारी नऊला गेला, दहा मिनिटं आधीच. गुडघा झिजलेला होता, पण कापाकापीचं काही नव्हतं. आता तो सकाळी गेटपाशी खुर्चीवर बसून पायाला वाळूची पिशवी बांधतो आणि पाय वर-खाली करतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना बसल्या जागेवरून सलाम करतो.

सांगाडा ताईने हॉस्पिटलात नेला. त्यांच्या विभागात बाहेरून आणलेला एक महागडा सांगाडा आहे, पण तो काचेच्या कपाटात कुलपात असतो. हा मात्र सगळ्यांना हाताळता येतो. दर महिन्याला भाऊजी तेलाची बाटली घेऊन त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालायला जातात. गेल्या खेपेला बाहेर बाकावर एक म्हातारे अरब गृहस्थ कंबर धरून बसले होते. भाऊजींनी त्यांना खुणेने उभं केलं, सांगाड्याशेजारी नेलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत समजावलं की हबीबी, कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं. वाकून दाखवलंही. दाखवता दाखवता स्वतःच्या कमरेत चमक भरली.

तेव्हापासून ताईचा नियम आहे. तेल घालायला यायचं ते ओपीडी बंद झाल्यावर, आणि पेशंटशी बोलायचं नाही.